राजाला शह, बँकेचा चेक आणि घरातली सतरंजी

मागच्या अंकात ‘चेक वटला’ या प्रयोगातल्या ‘वटणे’वर मी चार ओळी लिहिल्या होत्या. वाचकांनी ‘वटणे’ बाजूला ठेवलं आणि थेट ‘चेक’लाच हात घातला. मला आनंद झाला. वडोदऱ्यातल्या एका बँकेत क्लिअरिंगच्या टेबलावर एकतीस वर्षं हा शब्द माझ्या हाताखालून गेला आहे, आणि त्याच्याही आधी, लहानपणी, दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर मी तो वेगळ्या रूपात ऐकला आहे. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच देते.

प्रश्न : ताई, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट, ‘जरा चेक कर’, तिकीट चेकर, बुद्धिबळातला चेकमेट – हे सगळे एकच शब्द आहेत की योगायोगानं सारखे दिसतात? आणि स्पेलिंग कधी ‘सीके’नं (check) का संपतं, कधी ‘क्यूयूई’नं (cheque) का?
– एक विद्यार्थिनी, कारेलीबाग

उत्तर : एकच शब्द आहे. आणि तो शब्द म्हणजे एक राजा आहे.

माझे वडील बडोदा संस्थानच्या हिशेबी खात्यात होते. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा त्यांची कचेरी नव्या सरकारकडे गेली, पण रविवारची दुपार मात्र तीच राहिली. ओट्यावर सतरंजी अंथरायची, समोरच्या घरातले गुजराती काका पान लावून यायचे, आणि डाव सुरू व्हायचा. वडिलांचा घोडा किंवा उंट नेमक्या घरात गेला की ते म्हणायचे, “शह.” काकांची पाळी आली की ते म्हणायचे, “शेह.” मी शेजारी बसून शेंगा सोलायची. मराठीत शह आणि गुजरातीत शेह, एवढा फरक तेव्हाच कळला होता. पुढे शाळेत इंग्रजी आलं आणि बाईंनी सांगितलं की साहेब लोक याला ‘चेक’ म्हणतात. ‘शह’ आणि ‘चेक’ हे एकच आहेत हे कळायला मात्र मला आणखी पंधरा-वीस वर्षं लागली.

फारसीत राजाला ‘शाह’. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर हल्ला झाला की खेळणारा नुसतं मोठ्यानं ‘शाह!’ म्हणायचा, म्हणजे ‘तुझा राजा सांभाळ’. खेळ आपल्याकडचा. सातव्या शतकात बाणभट्टानं हर्षचरितात ‘चतुरंग’ आणि ‘अष्टापद’ या शब्दांवर श्लेष केला आहे, म्हणजे तोवर तो वाचकांच्या चांगला ओळखीचा झाला होता. इथून तो इराणात गेला आणि ‘चतरंग’ झाला. अरबीत ‘च’ही नाही आणि ‘ग’ही नाही, म्हणून तिथे त्याचा ‘शतरंज’ झाला. अरबांबरोबर खेळ युरोपात पोहोचला, आणि त्याच्या अंगाखांद्यावर बसून ‘शाह’ ही हाकही पोहोचली. लॅटिन लिहिणाऱ्यांनी तिचं ‘स्काकस’ केलं, जुन्या फ्रेंचांनी ‘एशेक’. इंग्रजांनी पुढचा ‘ए’ टाकून दिला आणि ‘चेक’ राहिला. त्याच्याच अनेकवचनापासून खेळाचं नाव ‘चेस’ पडलं. जर्मन माणूस आजही बुद्धिबळाला ‘शाख’ म्हणतो, रशियन ‘शाखमती’ म्हणतो. सगळीकडे तोच राजा.

आता तुझ्या वर्गातल्या ‘चेक’कडे येऊ. शह मिळाला की काय होतं? तुमचा मनात ठरवलेला डाव तिथल्या तिथे थांबतो. आधी राजा वाचवा, मग बाकीचं. म्हणून इंग्रजीत ‘चेक’चा पहिला वाढलेला अर्थ ‘अचानक अडवणं, रोखणं’ असा झाला. रोखायचं कशासाठी? बऱ्याचदा खात्री करून घेण्यासाठी. त्यातून पडताळणं आलं, पडताळल्याची खूण आली, आणि त्या खुणेचा कागदाचा किंवा पितळेचा तुकडाही आला. सामानघरात पेटी ठेवल्यावर मिळणारा बिल्ला हा त्यातलाच. तिकीट चेकर तुम्हाला अडवतोही आणि तिकीट पडताळतोही. दोन्ही अर्थ त्या एका माणसात आहेत.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, खिडकीवर कळलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वाडी भागातल्या एका वृद्ध गुजराती बांचा, म्हणजे आजींचा, चेक आला. रक्कम लहान, दूधवाल्याला दिलेला. सही मात्र नमुन्याच्या कार्डावरच्या सहीशी जुळेना. अक्षरं लांबलेली, शेवटचा फाटा कापत खाली गेलेला. मी नियमाप्रमाणे ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून चेक परत पाठवला. चार दिवसांनी बा स्वतः आल्या. हात थरथरत होता, तो त्यांनी काउंटरवर ठेवून दाखवला, बोलल्या काहीच नाहीत. त्या दुपारी मी नवीन कार्ड घेऊन त्यांच्या घरी गेले आणि आताच्या हातानं तीन सह्या घेऊन आले. मी चेक रोखला होता, कारण सही पडताळत होते. शब्दाचे दोन अर्थ माझ्याच हातून एका मिनिटात घडले होते, आणि त्यात एका माणसाचा दूधवाल्यासमोर अपमान झाला होता. तो कापणारा फाटा अजून डोळ्यांसमोर आहे.

आता त्या कागदी चेककडे. इंग्लंडमध्ये सराफांकडे ठेवलेल्या पैशांवर चिठ्ठी लिहून देण्याची पद्धत सतराव्या शतकात होती; सन १६५९ ची तारीख असलेली चारशे पौंडांची हस्तलिखित चिठ्ठी आजवर जपून राहिली आहे. पण तेव्हा तिला चेक म्हणत नसत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणजे सरकारी बिलांचा मागे राहणारा अर्धा तुकडा, कोणी आकडा बदलला तर ताडून बघायला ठेवलेला. आज चेकबुकातून चेक फाडल्यावर आत जी चिंचोळी पट्टी राहते ना, नाव तिचं होतं! हळूहळू ते फाडून दिलेल्या कागदाला लागलं आणि पट्टी बिचारी बिननावाची झाली.

स्पेलिंगचं कोडं इथेच सुटतं, आणि या शब्दाच्या सगळ्या कहाणीत मला सर्वांत आवडणारा भाग तो हाच. इंग्लंडच्या सरकारी खजिन्याला ‘एक्स्चेकर’ म्हणतात. त्यांच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात तो शब्द आजही आहे. बाराव्या शतकात तिथे राजाचा हिशेब कसा होई याचं वर्णन त्या वेळचा कोषाध्यक्ष रिचर्ड फिट्झनील यानं लिहून ठेवलं आहे. सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असं टेबल. त्यावर काळं कापड, कापडावर आखलेल्या रेघा. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे डोकेदुखी. म्हणून रकान्यांत सोंगट्या मांडायच्या. एक रकाना पेनींचा, एक शिलिंगांचा, एक पौंडांचा, मग विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा. जिल्ह्याचा महसूल गोळा करणारा शेरीफ एका बाजूला, कोषाध्यक्ष दुसऱ्या बाजूला. देणं किती, भरलं किती, हे सोंगट्या सरकवून सगळ्यांसमोर दाखवायचं. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही बाकी दिसावी. फिट्झनील स्वतःच म्हणतो की हे टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं आहे. तिथे दोन राजांची लढाई असते, इथे कोषाध्यक्ष आणि शेरीफ यांची. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला ‘एशेकिये’. त्या पटावरून कापडाला, कापडावरून टेबलाला आणि टेबलावरून अख्ख्या खात्याला ते नाव मिळालं. मधला ‘एक्स’ पुढच्या पंडितांनी लॅटिन समजून चुकीनं घुसवला.

मग बँकेच्या कागदाला लोक ‘सीके’नं लिहीत होते, पण खजिन्याच्या नावाचा भारदस्तपणा जवळच होता. एकोणिसाव्या शतकात त्या वजनानं इंग्लंडात ‘क्यूयूई’ रूढ झालं. अमेरिकेत साधं ‘सीके’च टिकलं. तिथे हॉटेलात जेवणाचं बिल आणतात त्यालाही चेकच म्हणतात. तुझ्या परीक्षेत भारतीय बँकेचा चेक ‘क्यूयूई’नंच लिही, कारण आपला १८८१ चा परक्राम्य दस्तऐवज कायदा (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) इंग्लंडच्या वळणाचा आहे.

वडिलांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांचं वय झालं होतं. त्यांनी दोनदा विचारलं, “म्हणजे हिशेबाचं खातं आणि बुद्धिबळाचा पट एकच?” ज्यांनी आठवडाभर संस्थानचे हिशेब ताडले आणि रविवारी ओट्यावर शह दिले, त्यांना ही गोष्ट सांगायला मिळाली याचं मला अजून समाधान आहे.

राहिला तुझा शर्ट. बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकड्या, म्हणून चेक्स. इथे मात्र इंग्रजांना शाबासकी देण्याआधी पायाखाली बघ. आपण जी सतरंजी अंथरतो, ती कुठली? फारसीत ‘शतरंजी’ म्हणजे शतरंजच्या पटासारख्या चौकड्यांचा बिछाना. शतरंजचं नाव इंग्लंडात कापडाला मिळालं तसंच ते आपल्याकडेही कापडाला मिळालं आहे, आणि त्यासाठी कोणी कोणाची नक्कल केलेली नाही. ‘सात रंगांची म्हणून सतरंजी’ असं आमच्या घरात सांगायचे. कानाला गोड आहे, पण खरी वाट शतरंजची. आता आपल्या सतरंजीवर पट्टे असतात, चौकड्या गेल्या. नाव मात्र राहिलं. वडील आणि काका शतरंजवर बसूनच शतरंज खेळत होते!

आणि मराठीनं स्वतःच्या शब्दानंही हाच प्रवास केला आहे. ‘पट’ म्हणजे कापड. सोंगट्यांचा पट कापडाचाच असतो. मग बुद्धिबळाचा पट, मग नोंदीचा हजेरीपट, आणि ‘शाळेच्या पटावर किती मुलं?’. कापड, खेळ, सरकारी नोंद. तिकडे काळ्या कापडाचं खजिन्याचं खातं झालं, इकडे पटाची हजेरी झाली. माणसाला एखादी गोष्ट रकान्यात मांडायची असली की त्याचा हात आधी कापडाकडेच जात असला पाहिजे.

प्रश्न : माझ्या भावानं एक संदेश पाठवला आहे की ‘चेक’ हा शब्द अरबी ‘सक्क’वरून आला आणि इंग्रजांनी तो चोरला. दुसऱ्या गटात कोणी तो संस्कृतातला असल्याचं म्हटलं आहे. खरं काय?
– एक वाचक, रावपुरा

उत्तर : सक्क खरा आहे. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचे अरब व्यापारी देण्याच्या लेखी दस्तऐवजाला ‘सक्क’ म्हणत, आणि एका शहरात लिहून दुसऱ्या शहरात पैसे उचलता येत. त्या व्यापाऱ्यांचं मोठेपण कोणी कमी करू नये. पण ‘पद्धत जुनी’ आणि ‘शब्द तिथून आला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी शब्दाची पावलं कागदोपत्री दिसतात : आधी शह, मग रोखणं, मग पडताळणीचा तुकडा, मग तो कागद. सक्कपासून थेट इंग्रजीपर्यंत अशी पावलं दिसत नाहीत. ध्वनी जुळला म्हणून नातं जोडायचं नसतं. क्लिअरिंगमध्ये आम्ही नाव जुळलं म्हणून रक्कम जमा करत नसू, खाते क्रमांकही बघत असू. शब्दांनाही तोच नियम लावावा.

संस्कृतचं म्हणाल तर ‘चेक’ संस्कृतातून आलेला नाही. मात्र ‘शाह’चं संस्कृतशी भावंडाचं नातं आहे, ते पुढच्या एका उत्तरात सांगते. शिवाय अशा पद्धतीसाठी आपल्याला कोणाच्या तोंडाकडे बघायची गरजही नाही. आपली हुंडी होती, म्हणजे पैसे देण्याची लेखी चिठ्ठी. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, आणि ‘शाहजोग’ हुंडी, जिचे पैसे फक्त पत असलेल्या, प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच द्यायचे. म्हणजे कागद चुकीच्या हातात पडला तरी पैसे भलत्याला जात नसत. दोन तिरप्या रेघा मारलेला चेक जे काम करतो, त्याच जातीचं हे काम. ज्या शहरात १९०८ साली सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली, तिथल्या मांडवीच्या पेढ्यांना कागदावर पैसे हलवणं नवीन नव्हतं.

प्रश्न : आम्ही तीन पिढ्या इंदूरचे. परवा कचेरीत मी म्हटलं, “साहेबांनी त्याला चांगला शह दिला.” हिंदी बोलणारे सहकारी समजले की साहेबांनी त्याला चढवून ठेवलं! भांडण होता होता राहिलं. शह म्हणजे रोखणं की चिथावणं?
– एक वाचक, राजवाडा परिसर, इंदूर

उत्तर : मराठीत रोखणं, हिंदीत दोन्ही. हिंदी कोश ‘शह’च्या खाली बुद्धिबळातली ‘किश्त’, म्हणजे राजावरचा हल्ला, हा अर्थही देतात आणि ‘आतून फूस देणं’ हा अर्थही देतात. ‘किसकी शह पर?’ हे हिंदीत रोजचं वाक्य आहे. त्यामुळे तुमच्या सहकाऱ्यांचं काही चुकलं नाही आणि तुमचंही नाही. एकच शब्द दोन घरांत दोन स्वभावांनी वाढला आहे.

आमच्या गुजरातीत आणखी तिसरी तऱ्हा. ‘एनी शेहमां आवी गयो’ म्हणजे त्याच्या दबदब्याखाली आला. ‘शेहशरम राख्या विना’ म्हणजे कोणाचा मुलाहिजा न ठेवता. राजा समोर असला की माणूस दबतो, हा अर्थ तिथे टिकला. वडोदऱ्यातले आपले मराठी लोकही ‘मी कोणाची शेहशरम ठेवत नाही’ असं सहज बोलून जातात. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना ते कळत नाही. मी मात्र तो शब्द कधीच बदलणार नाही. जिथे आपण दोनशे-तीनशे वर्षं राहिलो तिथल्या मातीचा तो रंग आहे.

मराठीचा स्वतःचा मोठा दागिना म्हणजे ‘काटशह’. स्वतःवरचा शह चुकवता चुकवता समोरच्याला उलटा शह द्यायचा. सरदारांच्या राजकारणात वाढलेल्या भाषेलाच हा शब्द इतका रोज लागावा! इंग्रजी ‘चेक’ला खजिना मिळाला, बँक मिळाली, शर्ट मिळाला, पण ‘काटशह’ इतका आटोपशीर शब्द मिळाला नाही. कचेरीत मात्र तुम्ही यापुढे “साहेबांनी त्याला रोखलं” असंच म्हणा. तिथे भाषेपेक्षा शेजार महत्त्वाचा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत आठ घरं शाहांची. ते सगळे इराणचे राजे का? माझी नात विचारते, तिला काय सांगू? तिचा पुढचा प्रश्न : शहाणा म्हणजे शहासारखा का? आणि चेक प्रजासत्ताकात चेक जास्त वापरतात का?
– एक आजी, मांजलपूर

उत्तर : नातीला माझा आशीर्वाद सांगा. प्रश्न तिन्ही चांगले आहेत.

शेजारचे शाह बहुधा इराणचे नाहीत. संस्कृत ‘साधु’, त्याचं प्राकृतात ‘साहु’, त्याचं ‘साह’. साधु म्हणजे सचोटीचा, आणि व्यापारात सचोटी हीच पत, म्हणून व्यापाऱ्याला साह म्हणू लागले. पुढे फारसीच्या वळणानं त्याचा ‘शाह’ झाला आणि दोन शब्द एका वेषात दिसू लागले. आपल्या मराठीत तोच ‘साव’ झाला – ‘चोर कोण, साव कोण’ मधला – आणि ‘सावकार’ही. वर सांगितलेल्या शाहजोग हुंडीतला शाह हा हाच, राजा नव्हे.

शहाणाही राजापासून नाही. तो ‘सज्ञान’पासून. हिंदीत सयाना, मराठीत शहाणा.

चेक प्रजासत्ताकाचं नाव तिथल्या लोकांच्या नावावरून. तो शब्द स्लाव्ह भाषांतला, शहाशी किंवा बँकेशी त्याचा संबंध नाही. देवनागरीत लिहिताना दोन्ही ‘चेक’ झाले इतकंच.

आता खरं नातं कुठे आहे ते तिला दाखवा. जुन्या फारसीत ‘राज्य करणं’ या अर्थाचा एक धातू होता, त्यातून शाह आला. त्याच कुळातला संस्कृत शब्द ‘क्षत्र’, म्हणजे सत्ता, त्यावरून क्षत्रिय. त्याच कुळातून ‘राज्याचा रक्षक’ या अर्थाचा ‘क्षत्रप’. त्या क्षत्रपांनी आपल्या गुजरातेवर राज्य केलं. जुनागढच्या शिळेवरचा रुद्रदामनचा संस्कृत लेख सुमारे सन १५० चा आहे. आता वर्तमानपत्रं राज्याराज्यांतल्या पुढाऱ्यांना क्षत्रप म्हणतात. आणि ‘राज्य’ याच अर्थाचा जुना फारसी शब्द आक्रसत आक्रसत झाला ‘शहर’! नात सकाळी रिक्षातून जाताना ‘वडोदरा शहर’ अशी पाटी वाचते. त्यातल्या ‘शहर’ला ‘शह’ची आणि ‘क्षत्रिय’ची रक्ताची ओळख आहे. शेजारच्या शाहांना ती नाही.

मला या शब्दांची गोडी लागली ती मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डेन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, त्यातलं हे मुख्य. पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन, खालच्या मजल्यापर्यंत उजेड झिरपावा म्हणून. तिथे मी पहिल्यांदा ‘सयाजी शासन शब्द कल्पतरू’ उघडला. १९३१ साली निघालेला हा राज्यकारभाराचा कोश. एक इंग्रजी शब्द, आणि पुढे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली असे पर्याय शेजारी शेजारी. कोणती भाषा खरी आणि कोणती परकी अशी भांडणं आता रोज ऐकू येतात. त्या पानावर त्या सगळ्या एका ओळीत बसलेल्या मी बघितल्या आहेत. नातीला शक्य असेल तर एकदा तिथे न्या.

प्रश्न : ‘संकटावर मात केली’ यातली मात बुद्धिबळातली का? मात म्हणजे मृत्यू ना?
– एक शिक्षक, ग्वाल्हेर

उत्तर : हो, बुद्धिबळातलीच. मृत्यू मात्र बहुधा नाही. अरबीत ‘माता’ म्हणजे ‘मेला’, त्यामुळे ‘शाह मात’चा अर्थ ‘राजा मेला’ असा पुष्कळ ठिकाणी दिलेला असतो. पण फारसीत ‘मात’ म्हणजे कुंठित, निरुपाय, जागच्या जागी थिजलेला. बरेच अभ्यासक आता याच बाजूला झुकतात. मला तोच पटतो, आणि कारण पटावरच आहे. या खेळात प्यादं मरतं, हत्ती मरतो, वजीर मरतो. राजा कधीच मारला जात नाही. त्याला हलायला घर उरत नाही आणि डाव संपतो. काका हरले की वडील त्यांचा राजा उचलत नसत. तो तसाच कोपऱ्यात उभा राहू द्यायचे, आणि चहा सांगायचे.

म्हणून ‘संकटावर मात’ हा प्रयोग चपखल आहे. संकट मरत नाही, त्याला हलायला जागा ठेवायची नाही. इंग्रजी ‘चेकमेट’ म्हणजे तोच ‘शाह मात’, अक्षरं फक्त फ्रान्समार्गे झिजली. म्हणजे मराठी माणूस ‘शह’ आणि ‘मात’ सरळ फारसीतून बोलतो, आणि ‘चेक’ लांबच्या वळशानं. दोन्ही आपल्या घरात आहेत. ‘धनादेश’ हा पर्याय शुद्ध आणि सुरेख आहे, अर्जावर तो मी स्वतः लिहिते. पण एकतीस वर्षांत खिडकीवर येऊन मराठी, गुजराती, सिंधी कोणीही ‘चेक’ सोडून दुसरं काही म्हणालं नाही. जो शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे आणि ज्याचा खेळ इथूनच निघालेला आहे, त्याला परका म्हणायला माझी जीभ वळत नाही.

प्रश्न : मावशी, आमच्या गुजराती शाळेत बेन (म्हणजे बाई) म्हणतात ‘छेकी नाख’ आणि कधी ‘चेक करी ले’. आई म्हणते दोन्ही एकच. मी म्हणतो वेगळे. कोण बरोबर?
– इयत्ता सातवी, प्रतापनगर

उत्तर : तू बरोबर. आईला सांग की घोटाळा होणं साहजिक आहे, कारण दोन्ही वेळी बेनच्या हातात लाल पेनच असतं. गुजरातीतलं ‘छेकवुं’ म्हणजे लिहिलेलं खोडणं, आडवी रेघ मारणं. ‘छेकछाक’ म्हणजे आपली खाडाखोड. हा देशी शब्द, ‘छ’ पोट फुगवून म्हणायचा. ‘चेक’ म्हणजे पडताळणं, तो वर सांगितलेला राजाचा. तिसराही एक आहे : ‘छेक स्टेशन सुधी’ म्हणजे अगदी स्टेशनपर्यंत. तू घरी मराठीत ‘छेक तिकडे जाऊन आलो’ म्हणत असशीलच. आम्हीही म्हणायचो.

मी बँकेत होते तेव्हा आमच्या काउंटरवर गुजरातीत एक सूचना लावलेली होती : ‘चेकमां छेकछाक करवी नहीं’. रोज शेकडो माणसं ती वाचायची. दोन्ही शब्द तिथे शेजारी उभे होते आणि कोणाचा गोंधळ झाला नाही. तेव्हा बेन ‘छेकी नाख’ म्हणाल्या तर एकच सरळ रेघ मार, गिचमिड करू नकोस. खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. आणि ‘चेक करी ले’ म्हणाल्या तर पेन खाली ठेवून आधी पूर्ण वाच.